चार्ल्स इंगल्स : १६० एकर आणि चार मुली

१८७५ सालच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका एकोणचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याने लिहून दिलं, की आपल्यापाशी निर्वाहाचं कोणतंही साधन उरलेलं नाही. तेव्हा राज्याच्या मदतीतून त्याला पिठाची दोन अर्धी पिंपं मिळाली. उभा गहू टोळांनी फस्त केला होता, घरासाठी आणलेल्या लाकडाची उधारी डोक्यावर होती आणि घरात बायको, तीन मुली आणि नुकताच जन्मलेला एक मुलगा होता. या शेतकऱ्याचं नाव चार्ल्स फिलिप इंगल्स.

साठेक वर्षांनी त्याच्या मुलीने त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्यात टोळ आहेत, उधारी आहे, फाटक्या बुटांनी मजुरीसाठी शेकडो मैल चालत गेलेला बाप आहे. पिठाची पिंपं मात्र नाहीत. ती मुलगी म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. १९३२ ते १९४३ या काळात तिने लिहिलेली ‘लिटल हाउस’ मालिका जगभरच्या मुलांनी वाचली. १९७४ पासून १९८३ पर्यंत चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेने तिचा बाप, तिचा ‘पा’, पुस्तकं न वाचणाऱ्यांनाही ठाऊक करून दिला. दाढीवाला, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, कशालाही न डगमगणारा आणि कुणाचं देणं न ठेवणारा हा पा म्हणजे अमेरिकन स्वावलंबनाची मूर्तीच होऊन बसला.

हे छोटेखानी चरित्र त्या मूर्तीमागच्या माणसाचं आहे. मूर्ती फोडणं हा त्याचा हेतू नाही. चार्ल्सबद्दलची कागदपत्रं वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. शेतकरी म्हणून त्याच्या वाट्याला जे अपयश आलं, त्यातलं बरंचसं त्याच्या हातातलं नव्हतं. आणि बाप म्हणून जे त्याच्या हातात होतं, ते त्याने बहुतेक वेळा सांभाळलं. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय प्रेअरीवरच्या शेतकऱ्याचं आयुष्य समजत नाही. लॉराच्या पुस्तकांनी दुसरी गोष्ट अजरामर केली. पहिली गोष्ट जमीन-महसुलाच्या नोंदींत, जनगणनेच्या पानांत आणि मदतीच्या यादीत पडून राहिली.

चार्ल्सचा जन्म १० जानेवारी १८३६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा या गावी झाला. बाप लॅन्सफर्ड शेतकरीच, आणि पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्यांपैकी. न्यूयॉर्कहून इलिनॉय, तिथून विस्कॉन्सिन असा त्या मोठ्या कुटुंबाचा प्रवास झाला. विस्कॉन्सिनमधली लॅन्सफर्डची जमीन गहाण पडली आणि हातची गेली. कर्ज आणि स्थलांतर हे दोन्ही चार्ल्सला असे वडिलोपार्जित मिळाले. तिथेच १ फेब्रुवारी १८६० रोजी त्याचं लग्न शेजारच्या क्वायनर घराण्यातल्या कॅरोलाइनशी झालं. ती लग्नाआधी शाळेत शिकवत असे. इंगल्स आणि क्वायनर या दोन घरांत मिळून तीन लग्नं झाली. त्यामुळे नातेवाइकांचं ते जाळं पुढची कित्येक वर्षं अडीअडचणीला उपयोगी पडलं. एकटा माणूस, एक कुऱ्हाड आणि अफाट माळ हे चित्र कथेत शोभतं. प्रत्यक्षात चार्ल्सच्या अनेक मुक्कामांच्या आसपास कुणी ना कुणी भाऊ, मेहुणा किंवा बहीण सापडते.

त्याच्या तरुणपणीच अमेरिकेत एक मोठा कायदा झाला. अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला १६० एकर सरकारी जमीन थोडक्या शुल्कात मागता येत असे. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग ती त्याच्या नावावर होई. या कायद्याखाली पुढे सुमारे १६ लाख लोकांना जमिनी मिळाल्या आणि देशाच्या एकूण भूभागाचा जवळजवळ दहावा हिस्सा वाटला गेला. दोन-चार एकरांवर घर चालवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला १६० एकर म्हणजे जहागीरच वाटेल. पण प्रेअरीचं गणित वेगळं होतं.

प्रेअरी म्हणजे दृष्टी पोचेल तिथवर झाडाविना पसरलेला गवताचा मुलूख. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला जसजसं जावं तसतसं झाड दुर्मीळ होतं आणि पाऊस कमी होत जातो. त्या गवताची मुळं कित्येक फूट खोल गेलेली असतात आणि वरच्या थरात त्यांची अशी घट्ट वीण तयार होते, की साध्या नांगराला ती दाद देत नाही. १८३७ च्या सुमारास जॉन डीअर यांनी गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला, तेव्हा ती चिकट काळी माती फाळावरून घसरायला लागली. तरी पहिली नांगरट जिवावरचीच. पहिल्या वर्षी पीक यथातथा, कारण उलटलेली ढेकळं कुजायलाच एक हंगाम जाई. घराला लाकूड नाही, सरपणाला लाकूड नाही, कुंपणाला लाकूड नाही, सगळं विकत. जमीन जवळजवळ फुकट असली, तरी बैल, नांगर, बी-बियाणं आणि पहिल्या पिकापर्यंतची भाकरी फुकट नव्हती. कर्जाची सुरुवात तिथेच होई. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ च्या आपल्या अहवालात सांगितलं होतं, की कोरड्या पश्चिमेत १६० एकरांचा हा हिशेब चालणार नाही. रेल्वे कंपन्या आणि जमिनीचे दलाल मात्र सांगत होते, की नांगर पुढे गेला की पाऊस त्याच्या मागोमाग येतो. लोकांनी दलालांचं ऐकलं.

चार्ल्सचं पहिलं शेत विस्कॉन्सिनमध्ये पेपिनजवळच्या जंगलात होतं. तिथे १८६५ साली मेरी आणि १८६७ साली लॉरा जन्मली. शिकार भरपूर, नातलग शेजारी, जमीन बरी. तरी १८६८ साली त्याने ते शेत विकलं आणि बिऱ्हाड गाडीत घालून तो निघाला. आधी मिझुरी, मग १८६९ च्या शरद ऋतूत कॅन्सस. त्याच्या अंगात भटकेपणा होता, असं लॉराने प्रेमाने लिहिलं आहे. कौतुकाच्या त्या सुरातून एक प्रश्न सुटून जातो : प्रत्येक वेळी गाडी जुंपली गेली, तेव्हा कॅरोलाइनला काय वाटलं असेल? तिची पत्रं थोडी, बोलणं त्याहून थोडं. या चरित्रात तिच्या मौनालाही जागा दिली आहे.

कॅन्ससचं प्रकरण या आयुष्यातलं सर्वांत अवघड प्रकरण आहे. चार्ल्सने जिथे ओंडक्यांचं घर बांधलं, ती ओसेज या मूळनिवासी अमेरिकन जमातीची राखीव जमीन होती. ती विकायला निघालेली नव्हती आणि होमस्टेड कायदा तिला लागू नव्हता. चार्ल्ससारखे हजारो गोरे शेतकरी सरकार आज ना उद्या ओसेजांना हलवेलच या भरवशावर तिथे घुसले होते. १८७० च्या जनगणनेत कुटुंबाची नोंद मॉन्टगोमेरी काउंटीत सापडते, आणि जमिनीच्या मालकीचा रकाना त्या साऱ्या वस्तीसाठी काही वेगळंच सांगतो : जमीन ओसेजांची आहे. त्याच ऑगस्टमध्ये तिथे कॅरीचा जन्म झाला. घरात सगळे हिवतापाने पडले, तेव्हा त्यांना बरं करणारे डॉक्टर जॉर्ज टॅन हे कृष्णवर्णीय होते. तेही जनगणनेत सापडतात. त्या सप्टेंबरात ओसेजांना जमीन सोडण्याच्या करारावर सह्या कराव्या लागल्या. पण इंगल्स कुटुंबाला त्याचा लाभ झाला नाही. विस्कॉन्सिनचं शेत ज्याने घेतलं होतं, त्याला पैसे फेडता येईनात, आणि १८७१ साली चार्ल्स पुन्हा पेपिनला परतला.

लॉराच्या पुस्तकात हे कुटुंब सैनिक हुसकावून लावतील या भीतीने निघतं, आणि सरकारने आपल्याला फसवलं असा पाचा राग त्यात आहे. त्या रागात ओसेजांचं दुःख दिसत नाही. याच कारणाने अमेरिकेतल्या बाल-ग्रंथपालांच्या संघटनेने २०१८ साली लॉराच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचं नाव बदललं. त्या निर्णयावर वाद झाला आणि होत राहील. चार्ल्सच्या बाजूने इतकंच म्हणता येईल, की तो एकटा नव्हता. त्याच्या विरुद्धही तेच म्हणावं लागतं. दुसऱ्याची जमीन घेणारे बहुतेक लोक त्याच्यासारखेच कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि देवभीरू होते. या चरित्राने ते झाकायचं नाही, असं आरंभीच ठरवलं.

१८७४ साली हे बिऱ्हाड मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीक या ओढ्याकाठी आलं. आधी ओढ्याच्या काठात खणलेलं भुईघर, मग पुढच्या गव्हाच्या भरवशावर उधारीच्या लाकडातून उभारलेलं नवं घर. आणि मग टोळ. १८७३ पासून रॉकी पर्वतातले टोळ दरवर्षी या पट्ट्यावर उतरत होते. १८७५ साली नेब्रास्कावरून गेलेल्या एका झुंडीचा पसारा त्या वेळच्या निरीक्षकांनी सुमारे १,९८,००० चौरस मैल मोजला. टोळधाडीचा खरा घात दुसऱ्या वर्षी असतो. उभं पीक खाऊन झाल्यावर माद्या उघड्या जमिनीत अंडी घालतात आणि पुढच्या वसंतात त्याच शेतातून पिल्लं निघतात. म्हणजे एका धाडीत दोन हंगाम जातात. मराठवाडा-विदर्भातल्या दुष्काळावर पोसलेल्या आपल्या मनाला हे सांगायला नको, की सलग दुसरं वर्ष माणसाला कसं मोडतं. १८७७ साली मिनेसोटाच्या राज्यपालांनी टोळ जावेत म्हणून सार्वजनिक प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. त्याआधीच, १८७६ च्या उन्हाळ्यात, चार्ल्सने शेत विकलं होतं.

पुढची दोन वर्षं लॉराच्या मालिकेत नाहीत. ती तिने वगळली, आणि का वगळली हे वाचताच कळतं. १ नोव्हेंबर १८७५ रोजी जन्मलेला एकुलता मुलगा चार्ल्स फ्रेडरिक, घरातला फ्रेडी, २७ ऑगस्ट १८७६ रोजी वाटेतल्या मुक्कामात गेला. तो नऊ महिन्यांचा होता. तिथून कुटुंब आयोवातल्या बर ओक या गावी गेलं. जमीन नाही, पीक नाही. एका खानावळवजा हॉटेलात सगळ्यांनी राबायचं, चार्ल्सने गिरणीत काम करायचं. १८७७ साली ग्रेसचा जन्म तिथलाच. शेवटी भाडं थकलं आणि घरमालक ऐकेना, तेव्हा चार्ल्सने एका रात्री गाडी जुंपली आणि बायको-मुलींसह गाव सोडलं. ही हकीकत लॉराने १९३० साली लिहिलेल्या ‘पायोनिअर गर्ल’ या आत्मकथनात आहे. ते हस्तलिखित तिच्या हयातीत छापलं गेलं नाही; ते टिपांसह पुस्तकरूपाने आलं २०१४ साली. कुणाचं देणं न ठेवणारा पा आणि रात्री गाव सोडणारा चार्ल्स ही एकाच माणसाची रूपं आहेत. दुसरं रूप कळल्यावर पहिल्याची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. मुलीला देण्याची लाज आठवत होती, म्हणूनच तिने कथेतल्या बापाला देण्यातून मुक्त केलं.

वॉलनट ग्रोव्हला परतल्यावर चार्ल्सने खाटकाचं दुकान चालवलं, सुतारकाम केलं, जस्टिस ऑफ द पीस म्हणून लहानसहान तंटे सोडवले. शेतकऱ्याने शेतीखेरीज सगळं करून शेतीत परतायची वाट पाहायची, हे त्याच्या आयुष्याचं सूत्रच होतं. मग १८७९ च्या वसंतात थोरली मेरी तापाने पडली आणि चौदाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. लॉराने कारण लोहितज्वर असं लिहिलं. २०१३ साली डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून तो मेंदूज्वराचा विषाणूजन्य प्रकार असावा, असं मत दिलं. चार्ल्सने लॉराला सांगितलं, की आता तू मेरीचे डोळे हो. समोर जे दिसतं ते मेरीला बोलून सांगायचं हे काम तिला लागलं : उतरणीवरचा प्रकाश, येणारी गाडी, माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव. लेखिका म्हणून तिची उमेदवारी तिथे झाली. चार्ल्सने मुलीसाठी जे काही केलं, त्यात सर्वांत दूरवर पोचलेली गोष्ट हीच ठरली.

त्याच वर्षी बहिणीच्या नवऱ्याने चार्ल्सला डकोटा टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात, रेल्वेच्या कामावर हिशेबनीस म्हणून बोलावलं. रूळ पुढे सरकले, वाटेत डी स्मेट नावाचं गाव उभं राहिलं आणि १८८० च्या फेब्रुवारीत चार्ल्सने गावाबाहेर १६० एकरांचा होमस्टेड नोंदवला. कायदा झाल्यावर अठरा वर्षांनी त्याला त्या कायद्याची जमीन मिळाली. पुढचा हिवाळा अमेरिकेच्या हवामानाच्या इतिहासात गाजलेला आहे. ऑक्टोबर १८८० मध्येच पहिलं हिमवादळ आलं आणि जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत गावात रेल्वे आली नाही. सरपण संपलं तेव्हा वाळलेलं गवत पिळून त्याच्या काड्या जाळल्या. पीठ संपलं तेव्हा बियाण्याचा गहू कॉफीच्या जात्यात दळला. ते जातं दिवसभर फिरत असे. गवत पिळून चार्ल्सची बोटं इतकी सुजली, की त्याला फिडल वाजवता येईना. ज्या घरात एरवी रोज संध्याकाळी फिडल वाजे, तिथे त्या हिवाळ्यात ते पेटीत राहिलं, हे लॉराने नोंदवलं आहे. ते फिडल आज मिझुरीतल्या मॅन्सफील्ड इथे लॉराच्या घराच्या संग्रहालयात आहे.

मेरीसाठी आयोवातल्या व्हिंटन इथे अंधांची शाळा होती. १८८१ साली ती तिथे गेली आणि १८८९ साली शिकून बाहेर पडली. शुल्क टेरिटरीने भरलं. कपडे, प्रवास आणि इतर खर्च घरच्यांनी. त्यासाठी लॉराने सोळावं वर्ष पूर्ण होण्याआधी शाळेत शिकवायला सुरुवात केली, शिवणकामाची मजुरी केली. चार्ल्सला आणखी पश्चिमेला, ओरेगॉनला जायचं होतं. कॅरोलाइनने त्याला बजावलं होतं, की मुलींचं शिक्षण होईपर्यंत आता हलायचं नाही. तो हलला नाही. एवढ्या फिरस्त्या माणसाने आपली सर्वांत मोठी इच्छा बायकोच्या शब्दासाठी आणि मुलींच्या शाळेसाठी मोडली, ही त्याच्या कुटुंबवत्सलतेची माझ्या मते सर्वांत मोठी साक्ष आहे. फिडल आणि गोष्टी यांपेक्षा मोठी.

होमस्टेडची पाच वर्षं त्याने पुरी केली आणि १८८६ साली मालकी सिद्ध केली. पुढच्याच वर्षी तो गावात राहायला गेला, कारण शेत पोट भरत नव्हतं. ते शेत त्याने नंतर विकलं. सुतारकाम, लहानसं दुकान, विम्याची विक्री, चर्चचं आणि गावाचं काम यांत त्याची उरलेली वर्षं गेली. ८ जून १९०२ रोजी सहासष्टाव्या वर्षी तो डी स्मेटमध्ये वारला. मिझुरीला गेलेली लॉरा शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ येऊन राहिली होती. योगायोग असा, की त्याच १९०२ साली रॉकी पर्वतातला टोळ शेवटचा जिवंत सापडला. त्याची अंडी घालण्याची जागा असलेल्या डोंगरदऱ्यांत शेतकऱ्यांचे नांगर आणि जनावरं पोचली, आणि त्यामुळे ही अख्खी जात नाहीशी झाली असावी, असं कीटकशास्त्रज्ञ मानतात. ज्या टोळाने चार्ल्सला देशोधडीला लावलं, त्याचा अंत शेतकऱ्यांच्याच हातून, नकळत झाला.

आता या चरित्राच्या मांडणीविषयी. लॉराची पुस्तकं इथे साक्ष म्हणून वापरली आहेत, पुरावा म्हणून नाही. १९३७ साली डेट्रॉइटमध्ये बोलताना तिनेच सांगितलं होतं, की मी लिहिलं ते खरं आहे, पण सगळं खरं मी लिहिलेलं नाही. ती मर्यादा पाळली आहे. जिथे पुस्तक एक सांगतं आणि जनगणना, जमिनीचे कागद किंवा ‘पायोनिअर गर्ल’ दुसरं, तिथे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्या आहेत. उदाहरणार्थ, कॅन्ससचं घर कथेत शहरापासून चाळीस मैलांवर आहे. नकाशावर ते सुमारे तेरा मैलांवर येतं. कॅरोलाइन फ्रेझर यांच्या ‘प्रेअरी फायर्स’ या लॉराच्या चरित्राला २०१८ साली पुलित्झर मिळालं. चार्ल्सच्या कर्जांचा आणि स्थलांतरांचा हिशेब त्यात इतका कसून केला आहे, की पुढच्या कुणालाही त्याचं ऋण मानूनच लिहावं लागेल. इथे लॉरा मागे ठेवली आहे आणि तिचा बाप पुढे आणला आहे, एवढाच फरक.

प्रकरणं मुक्कामांनुसार आहेत : पेपिन, कॅन्सस, प्लम क्रीक, बर ओक, डी स्मेट. प्रत्येक प्रकरणात तीनच प्रश्न विचारले आहेत. जमीन कुणाची होती? पैसा कुठून आला आणि कुठे गेला? घरात त्या वेळी कोण काय करत होतं? चार्ल्सने फुकट जमीन, सरकारी पीठ, रेल्वेचा पगार आणि मुलीच्या शाळेचं शुल्क घेतलं, याची नोंद पहिल्या दोन प्रश्नांत येते. हे घेऊनही तो आळशी किंवा लाचार ठरत नाही. स्वतःच्या कष्टावर एकट्याने उभा राहिलेला शेतकरी ही कल्पना मात्र खोटी ठरते. तसा शेतकरी प्रेअरीवर कधीच नव्हता, आणि आपल्याकडेही नाही.

मराठी वाचकाला माझं एक सांगणं आहे. घरात मुलं ‘लिटल हाउस’ वाचत असतील तर ती पुस्तकं त्यांच्या हातून काढून घेऊ नका. त्यांच्याबरोबर वाचा, ओसेजांविषयी त्यांना सांगा, फ्रेडीविषयी सांगा, आणि एका बापाने सरकारकडून पीठ घेतलं होतं हेही सांगा. कर्जात बुडालेला, मदत मागणारा, चार वेळा उठलेला शेतकरी चांगला बाप असू शकतो, हे त्यांना लहानपणीच कळलेलं बरं.